श्रुतलेखन

एकतीस वर्षं मी डॉक्टर कोस्किनेनचा आवाज टाइप केला.
कानात दोन बोंडं, पायाखाली पेडल.
दाबलं की त्या बोलायच्या, सोडलं की गप्प.
इतकं माझं घरातसुद्धा कुणी ऐकलं नाही.

थंडर बेमधल्या त्या इमारतीत माझी खोली तळमजल्यावर.
खिडकीत धान्याची उंच कोठारं,
आणि नोव्हेंबर लागला की कडेकडेनं गोठत जाणारं सरोवर.
डॉक्टर वरच्या मजल्यावर, जमिनीवर बसलेल्या.
खुर्चीत बसलेलं त्यांना मी पाहिलं नाही,
गुडघे गेले तेव्हाही नाही.
मग उठताना मुलंच आधार द्यायची,
आणि त्या मला सांगायच्या, लिही, आयरीन:
हात मागितला तर देतो. दोन्ही देतो.

यंत्र बंद करायला त्या विसरायच्या,
म्हणून पत्राच्या आधी मला खोली ऐकू यायची.
लाल लाकडी ठोकळे, एकूण दहा.
टक्. टक्. टक्.
खाली बसून मी मोजायची.
कधी पाचावर धडाड्,
कधी दोनच, आणि मग पाऊण तास
एकच ठोकळा जमिनीवर घासल्याचा आवाज.
त्या मध्ये बोलायच्या नाहीत.
पाऊण तास.

'अनुत्तीर्ण' हा शब्द छापील फॉर्मवर होता.
त्यावर ठोकळ्यांचा डबा ठेवून त्या फॉर्म भरायच्या.

हावरिल्युक नावाच्या बापानं विचारलं,
खडा आवाज, रेल्वेतला माणूस:
पुढे काय होणार याचं? तुम्हाला दिसत असेल ना.
त्या म्हणाल्या, पाळण्यात पाय दिसतात, मिस्टर हावरिल्युक.
पायच. बोटं दहा आहेत, टाच उचलून चालतो.
बाकीचं आपण चालता चालता बघू.

फेब्रुवारीत त्या उत्तरेला जायच्या,
जिथे रस्ता फक्त हिवाळ्यात असतो, गोठलेल्या पाण्यावरून.
त्या टेपांवर अर्ध्यात विमानाची घरघर.
प्रश्न अठरा, जिना चढते का.
खोड. गावात जिना नाही.
होडीत चढते. उतरताना धाकट्या भावाला धरते.
हे लिही, आणि अधोरेखित कर.

नवरा गेला त्या आठवड्यात
नेहमीसारखीच सतरा पत्रं आली.
फक्त स्वल्पविराम जास्त होते.

आणि व्हर्ना.
शाळेत जाईपर्यंत बोलेल, असं त्यांनी तिच्या आईला सांगितलं होतं.
टाइप मीच केलं होतं.
बाराव्या वर्षी तिला पुन्हा आणलं.
टेपवर: माझा अंदाज चुकला. पूर्णविराम.
पुढे दोन मिनिटं काही नाही.
मी तीनदा मागे नेऊन ऐकलं.
खिडकीची काच थरथरते, कुणीतरी कोटाची चेन वरखाली करतंय,
आणि मग आईचा आवाज:
डॉक्टर, तुम्ही दुपारी काही खाल्लंत का?

ते मी अहवालात घातलं नाही.
कुठल्या रकान्यात घालणार?

आता सगळं संगणकच ऐकून लिहितो.
त्याला खोकला कळतो, थांबणं कळत नाही.
डॉक्टर निवृत्त झाल्या त्या शुक्रवारी
नियमाप्रमाणे मी टेपा पुसायला घेतल्या,
खोक्यामागून खोकं, नावामागून नाव.
त्या येऊन दारात उभ्या राहिल्या.
म्हणाल्या, बरं झालं. मुलं मोठी झाली,
त्यांचं लहानपण आपल्याकडे कशाला?

एक मी पुसली नाही.
तिच्यावर नाव नाही, तारीख नाही, पत्रही नाही.
रात्री कधी लावते.
टक्. टक्.
सात. आठ.
नऊ.
मग दोघांचेही श्वास थांबलेले,
मोठा एक, छोटा एक,
आणि टेप संपते.
दहावा कुणाच्या तरी हातात आहे.
माझा पाय पेडलवरच असतो.